हरबाचा खांब

११ नोव्हेंबर

चार बोटं! आठव्या खांबाचा माथा आणि वरचा गर्डर यांच्यात चक्क चार बोटांची फट. पुलाची तपासणी करताना शिडीवर चढून हात घातला – पलीकडे ऊन. म्हणजे पूल बांधला त्या १९२३ पासून हा खांब काहीच पेलत नाही. नुसता उभा आहे.

वडूजच्या पलीकडे येरळेवरचा हा पूल म्हणजे पहिल्या महायुद्धातून न परतलेल्या अकरा जणांचं स्मारक. नावांची पाटी नाही. कुणाचं नाव वर घालायचं यावरून तेव्हा डोकी फुटायची वेळ आली म्हणे, म्हणून माणसागणिक एक खांब. दसऱ्याला ज्याचं त्याचं घर आपापल्या खांबाला चुना लावतं. पुराचं मापही तेच. गावच्या पूल समितीचे अध्यक्ष, निवृत्त सुभेदार सयाजीराव छाती काढून सांगत होते, "गेल्या पुरात पाणी तुकारामाच्या गळ्याला व्हतं मॅडम. हलला का? न्हाई!"

फटीचं विचारलं तर पटका सारखा करू लागले. मी हसून म्हटलं, "मिस्त्रीचं माप चुकलं वाटतं." "आसंल," म्हणाले आणि पाठ वळवून चालू लागले.

१२ नोव्हेंबर

सांगली, इंजिनिअरिंग कॉलेज. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात फोटो दाखवला. 'बांधकामातला ठळक दोष.' पोरं हसली. मीही.

१५ नोव्हेंबर

गणितं झाली. खांब अकराही भक्कम. पण सात आणि नऊच्या मधला लांब गर्डर – आठव्याच्या डोक्यावरून न टेकता जाणारा – गंजून निम्मा झालाय. नियमाप्रमाणे एकच शेरा: पूल धोकादायक, पाडावा. खाली माझी सही.

मग सुचलं – फट भरली तर? आठव्याने भार घेतला तर लांब गाळ्याचे दोन आखूड गाळे होतात आणि पूल आणखी तीस वर्षं सहज टिकतो. एवढी साधी गोष्ट शंभर वर्षांत कुणालाच सुचू नये!

दिवसभर स्वतःवर खूश.

१८ नोव्हेंबर

आज कळलं. लाज वाटते आहे.

खांबाचा नमुना काढायला यंत्र लावतच होतो, तेवढ्यात काठावरून आवाज. "आवं बाई, हात लावायच्या आदी इचारायची पद्धत हाय का न्हाई तुमच्या सांगलीत?" शालूबाई. वय सत्त्याहत्तर. आठवा खांब त्यांच्या घरचा – आजेसासरे हरबा यांचा. काठावरच्या दगडावर बसवून त्यांनी सगळं सांगितलं. जसं आठवतं तसं लिहिते.

"बाकी धा घरांत मेल्याचा कागद आला. आमच्यात आला त्यो बेपत्ताचा. बसऱ्याकडं कुटंतरी. पूल काढला तवा पंच म्हणलं, आठवा खांब हरबाचा. आजेसासू पदर खोचून मिस्त्रीफुडं हुबी ऱ्हायली. माझा धनी मेला न्हाई. त्येच्या डोक्यावर पूल ठेवू नगा."

मिस्त्री स्वतः पलटणीतून आलेला. त्यानं खांब पूर्ण बांधला, पण चार बोटं कमी. मुद्दाम लांब गर्डर मागवून वरून नेला. कागद आला की फट भरायची. माणूस आला की खांब पाडायचा.

दोन्ही आलं नाही.

"आजेसासू अडुसष्ट साली गेली. हिरव्या चुड्यात. मळवट मीच भरला, मला लगीन हून तीन वर्सं झालेली."

आणि मी याला दोष म्हटलं! इतकं विचारपूर्वक केलेलं डिझाइन मी उभ्या आयुष्यात पाहिलेलं नाही.

१९ नोव्हेंबर

वर्गात पुन्हा तोच फोटो. मी चुकले होते, असं म्हणून सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. बरं वाटलं – पण बरं वाटावं म्हणून तर सांगितलं नाही ना?

२४ नोव्हेंबर

नमुन्याचा निकाल. आठवा खांब थेट खडकावर. अकरांत सगळ्यात चांगला चुना यालाच वापरलाय. काही पेलायचं नसलेल्या खांबाला! त्या मिस्त्रीचा विलक्षण अभिमान वाटला.

मन भरून आलं म्हणून आकडे गोड लागत नाहीत ना? सगळी गणितं माझ्या जुन्या सरांकडे पाठवली. गोष्ट न सांगता, नुसती गणितं.

२७ नोव्हेंबर

सरांचं उत्तर: बरोबर.

सरपंच ऋषिराजचा फोन. "मॅडम, टाका की भरून गुपचूप. म्हातारीला खालनं काय दिसतंय?" मी म्हटलं, नाही. "मग पूल पाडायचा का तिच्या हट्टापायी? लय अवघड हाय तुमचं!"

घरी नवरा, गोमटेश, म्हणाला, शेजारी पोलादी टेकू उभा कर आणि मोकळी हो. तेही मांडून पाहिलं. पहिल्याच पुरात वाहून जाईल.

२९ नोव्हेंबर

शालूबाईंच्या घरी गेले. दोन्ही बाजू सांगितल्या. फट राहिली तर मला 'पाडावा' लिहावंच लागेल. भरली तर पूल राहील.

"म्हंजी आता मेला म्हणायचं."

"मी तसं म्हणत नाही."

"मग कोण म्हणतंय? पूल?"

मी आकड्यांचे कागद पिशवीत ठेवले. त्यांनीच विचारलं, "त्येला झेपंल का?"

"झेपेल. लेखी देते."

"लेखी नगं. कागदाचीच वाट बघत बसलो की आमी." मग म्हणाल्या, "इचार करू द्या."

चहा दिला. दारापर्यंत सोडायला आल्या. मला वाचवायचाय तो त्यांचा पूल, की मला सापडलेली युक्ती?

५ डिसेंबर

निरोप नाही. अहवालाची मुदत बारा तारीख. 'पाडावा' असा मसुदा तयार करून ठेवला. फोन करायचा नाही. करायचाच नाही.

८ डिसेंबर

फोन हातात घेतला. ठेवला.

१० डिसेंबर

सयाजीरावांचा फोन. आवाज नेहमीचा नव्हता. "आज नदीवर हरबाचा दहावा घातला मॅडम. धाच्या धा घरांतली माणसं आली हुती. उद्या जॅक घिऊन या."

११ डिसेंबर

शालूबाई आधीच येऊन थांबल्या होत्या. मागे त्यांच्या दोन सुना, मधे धरून आणलेला काळा घडीव दगड. मिस्त्रीनं तेव्हाच घडवून घरात ठेवायला दिला होता. शंभर वर्षांत त्यावर कुणी बसलं नाही, कुणी वाटण वाटलं नाही. मोजला. जाडी चार बोटं.

जॅकने गर्डर उचलला. दगड बसला. शालूबाई खांबाकडे बघत म्हणाल्या, "लय ताटकळलात आजेमामंजी. आता धरा."

११.४० ला भार आला.