सेफ्टीतलं कुंकू

मंगळवार, संध्याकाळ. पुंडलिकनगर.

अजून डोकं तापलेलंच आहे. सराफाच्या दारावर पहाऱ्याला उभा राहतो मी. चुकून गोळी सुटू नये म्हणून असलेली पिस्तुलाची सेफ्टीच लागत नसेल तर ते कमरेला लावून गर्दीत कसा थांबू? वॉरंटी आहे, म्हणून जिथून घेतलं त्याच दुकानात आज नेलं. मालकानं सेफ्टीचा खटका खोलला, आतला तेलकट लाल गाळ बोटावर घेऊन दाखवला आणि म्हणाला, "काका, हे कुंकू आहे. दसऱ्याला पूजा तुम्ही करणार, अन् खटका अडकला की वॉरंटी मागणार? नाय जमत."

कुंकू! अरे, आम्ही बौद्ध. शस्त्रपूजा तर सोडाच, आमच्या घरात कुंकवाचा करंडासुद्धा नाही. तसं सांगितलं तर गालात हसला. लई राग आला. पण मग हे कुंकू आलं कुठून?

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. मोबाइलमधला खरेदीच्या दिवशीचा फोटो शोधून तिनं माझ्यासमोर धरला. नवी वस्तू म्हणून पिस्तुलाला कुंकू लावणारं ते बोट मालकाचंच. आणि शेजारी, भिडेखातर हसत, हात जोडून मी उभा.