पन्हाळीचा उतार

दारव्हा, ४ मे २०२४

चि. खेमसिंग यास,
जय सेवालाल. आशीर्वाद शेवटी देते, आधी काम.

लखीराम शिडीवर होता, हातात नवी पन्हाळ, तोंडात दोन स्क्रू. त्याने वरूनच विचारलं की उतार कोणीकडे द्यायचा. मी त्याला तसाच थांबवला आणि हे पत्र लिहायला बसले. आता तो उतरून ओट्यावर चहा पितो आहे. म्हणे, बाई, पन्हाळ ठोकायले पत्र कायले लागते?

लागतं. फोन मला ऐकू येत नाही आणि तुला ओरडता येत नाही. शिवाय पाण्याचं तुला कळतं. पस्तीस वर्षं खाणीत पंप चालवलेस, तुझ्याहून जास्त लखीरामला काय कळणार?

बापूने लावलेली पन्हाळ काल उतरवली. मधोमध झुकली होती. तिथे माती साचून तुरीचं एक रोप उगवलं होतं आणि तिथेच वाळलं होतं. हातात घेताच तिचे तीन तुकडे झाले. खाली उतरणारा पाइप तर कधीच गेला. गेल्या पावसाळ्यात सगळं पाणी मधूनच माजघराच्या भिंतीवर सांडत होतं, ते तुला कळवलंच होतं. तेव्हा तू अट घातलीस की या वर्षी भिंत पुन्हा ओली झाली तर मी घराला कुलूप लावून वणीला यायचं. मला यायचं नाही. म्हणून हे काम एकदाच आणि नीट व्हायला हवं.

तर उतार पुढे रस्त्याकडे की मागे परसात? लखीराम म्हणतो पुढे, नाली पुढेच आहे. मी म्हटलं, भावाला विचारते. बापू गेल्यापासून तुला विचारल्याशिवाय या घराचा खिळाही मी हलवला नाही, तू नऊ वर्षं इकडे फिरकला नाहीस तरी.

बसंतीला आणि तुला आशीर्वाद. लोभ असू दे, भिंत मात्र कोरडी असू दे.
तुझी बाई,
रुपी


वणी, ८ मे २०२४

ती. बाईस,
जय सेवालाल. पाया पडतो. वाकवत नाही, म्हणून कागदावरच.

तुझं पत्र वाचून बसंती म्हणाली की आता या माणसाला दोन दिवस जेवणखाण नको. मी जेवलो आणि मग पट्टी-पेन्सिल घेऊन बसलो. सोबत नकाशा आहे. तो लखीरामच्या हातात दे आणि त्याला म्हणावं, चहा पुरे झाला.

उतार मागे द्यायचा. यात विचारण्यासारखं काही नाही. दहा फुटांना अर्धा इंच. कड्या तीन-तीन फुटांवर, त्याहून लांब नकोत. बापूने चार-चार फुटांवर लावल्या होत्या, म्हणून ती झुकली. पाइप मागच्या कोपऱ्यात, पेरूच्या झाडाजवळ उतरू दे.

नकाशा काढता काढता सगळं डोळ्यांपुढे आलं. बापू जिनिंगमधून खिसाभर सरकी आणायचा. पन्हाळ बसली की वरच्या टोकाला सरकी टाकायची आणि मागून तांब्याने पाणी सोडायचं. सरकी जिथे अडकेल तिथे पन्हाळ झुकलेली. तू आधी शंभर बिया मोजून द्यायचीस आणि मी खाली टोपली धरून बसायचो. टोपलीत शहाण्णव निघाल्या की तू मास्तरणीसारखी बापूला सांगायचीस, चार नापास. तो पुन्हा शिडीवर. याडी तिथेच उघड्यावर चुलीपुढे असायची. भाकरीवर शिंतोडे उडाले की नवरा बघायची नाही, पोरं बघायची नाही, आपल्या तिघांना एकदम शिव्या. मी वणीत एवढे पंप लावले, पण त्या टोपलीत सरकी पडताना जे वाटायचं ते पुन्हा कुठे वाटलं नाही.

अट मात्र अट आहे. भिंत कोरडी राहिली तर मी गप्प. ओली झाली तर तू वणीत. तुझं वय अडुसष्ट आहे, हे तू विसरतेस, मी नाही.

बसंतीचा नमस्कार. माझ्यावरचा राग पाण्याबरोबर मागच्या दाराने जाऊ दे.
तुझा,
खेमसिंग


दारव्हा, १५ मे २०२४

चि. खेमसिंग यास,
जय सेवालाल. इकडे सर्व ठीक असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते.

तुझ्या नकाशाप्रमाणे काम झालं. लखीरामने कागद दोनदा फिरवून पाहिला आणि विचारलं की बाई, हे घर कोनाचं हाय? मी म्हटलं, हेच आहे, लिहिलंय तसं कर. त्याने तसंच केलं. अर्धा इंच म्हणजे अर्धा इंच, कड्या तीन फुटांवर.

सरकी शेजारच्या रुखमाबाईकडून आणली, तिची म्हैस आहे. शंभर मोजल्या. लखीरामने वरून पाणी सोडलं. शंभरच्या शंभर आल्या, एकही नापास नाही. आणि बादलीभर पाणी स्वयंपाकघराच्या भिंतीवर आदळलं. रुखमाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. ती म्हणे, मास्तरीनबाई, पावसाले घरात बोलावून राह्यली का?

खेमा, तुझ्या नकाशात स्वयंपाकघर नाही. बापूने ते त्र्याण्णव साली बांधलं, पेरू तोडून, मागच्या कोपऱ्यात. तेव्हाच त्याने उतार पुढे फिरवला होता. तू तेव्हा वणीत होतास. पण याडीच्या तेराव्याला तू त्याच स्वयंपाकघरात बसून जेवलास.

आता माझं. नकाशा उघडला तेव्हाच मला हे दिसलं होतं. पेरू होता. चूल होती. चुलीपुढे तू पेन्सिलीने एक छोटा गोल काढला होतास. तो पुसल्याशिवाय स्वयंपाकघर काढता येत नव्हतं. मी पेन उचललं, थोडा वेळ हातात धरलं आणि ठेवून दिलं. कागद तसाच लखीरामला दिला. तेव्हा चूक अर्धी तुझी आणि अर्धी माझी. मी शाळेत असते तर दोघांनाही उभं केलं असतं.

लखीराम लग्नांच्या गडबडीत गेला, महिनाअखेरीस येतो म्हणाला. सात जूनला मृग लागतो. तोवर उतार फिरला नाही तर एकाऐवजी दोन भिंती ओल्या होतील. तुझी अट मी विसरलेले नाही.

आशीर्वाद. जीव लावून अस.
तुझी बाई


वणी, २० मे २०२४

ती. बाईस,
जय सेवालाल. नमस्कार.

पत्र तीनदा वाचलं. जमिनीखाली तीनशे फुटांवर पाणी कोणीकडे धावेल ते मला अंधारात कळायचं. स्वतःच्या घराचं मला सांगता आलं नाही. बसंती आधी हसली, मग मी हसत नाही हे बघून चहा ठेवायला उठली.

तो गोल याडीच होती.

मी चार दिवस विचार केला. जे घर मला पाठ आहे ते आता नाही. जे आहे ते तू एकटीने सांभाळावं असं राहिलेलं नाही. तू माझ्या चुकीच्या कागदापुढे मान डोलावतेस, उद्या शिडीही धरशील, परवा शिडीवर चढशील. पडलीस तर हाक कोणाला मारणार आणि त्याने दिलेली ओ तुला कशी ऐकू येणार? म्हणून पावसाची वाट बघायची नाही असं ठरवलं आहे. गुरुवारी, ३० तारखेला, मी जीप घेऊन येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आपण निघू. पेटी भरून ठेव. भांडी रुखमाबाईला दे.

बसंतीने मागची खोली तुझ्यासाठी रिकामी केली आहे. खिडकीखालून दिवसभर कोळशाचे ट्रक जातात, पण तुला आवाजाचा त्रास नाही. हे वाक्य बसंतीने खोडायला सांगितलं. तू हसशील म्हणून मी ठेवलं.

रागावलीस तरी चालेल, तयार राहा.
तुझा,
खेमसिंग


दारव्हा, ३० मे २०२४

चि. सौ. बसंतीस,
जय सेवालाल. खेमसिंग अकराला सुखरूप पोचला. तू दिलेले लाडू मिळाले, त्यातले किती वाटेत कमी झाले ते त्यालाच विचार.

पेटी मी भरली नव्हती. ती त्याला दारातूनच दिसली, उघडी आणि रिकामी. जीपवाला दिग्रसला बहिणीकडे गेला, सकाळी येतो म्हणून. खेमसिंग चपला न काढता घराला वळसा घालून मागे गेला. स्वयंपाकघराच्या भिंतीला हात लावून बराच वेळ उभा होता. मग येऊन त्याने विचारलं की पेरू नेमका कुठे होता. मी चुलीची जागा दाखवली, तिच्यावर आता ओटा आहे. त्यावरून त्याने झाडाची जागा पावलांनी मोजून काढली.

दुपारी लखीराम आला. दोघांनी कड्या सोडून उतार पुढे फिरवला आणि पाइप रस्त्याच्या बाजूला आणला. त्रेसष्टाव्या वर्षी तुझा नवरा शिडीवर चढला हे तुला कळवणार नाही असं मी कबूल केलं आहे, म्हणून कळवत नाही.

मी त्याला माझं सांगितलं. मला ऐकू येत नाही हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. दूधवाला कडी वाजवत नाही, खिडकीपुढे येऊन उभा राहतो. रुखमाबाई हाक मारत नाही, अंगणात खडा टाकते. हे जमायला पंधरा वर्षं लागली. वणीला तू आणि तो दोघंही माझी काळजी घ्याल. पण तिथे मी बहिरी होईन, इथे मी नुसती रुपीबाई आहे. त्यावर तो पाठ करून शिडीकडे वळला. बोलला असेल तर मला समजलं नाही.

मग पाणी सोडलं. तो शिडीवर, मी खाली पाइपाशी. तो वरून ओठ हलवत होता, पाणी आलं का असं विचारत असावा. मी पाइपाला तळवा लावला होता. तळव्याखालून पाणी सरकलं तसा मी दुसरा हात वर केला. पाणी जमिनीवर पडलं ते त्यानंतर. तो शिडीवर तसाच थांबला. खाली आला, माझा हात बाजूला करून त्याने स्वतःचा तळवा तिथे लावला आणि लखीरामला पुन्हा पाणी सोडायला सांगितलं. असं तीन वेळा. टाकीत पाणी थोडंच होतं, पण मी अडवलं नाही.

भिंती दोन्ही कोरड्या आहेत. माझं काय, ते त्याने अजून सांगितलेलं नाही. तो ओसरीत बसून रुखमाबाईशी बोलतो आहे. पत्र उद्याच्या टपालात टाकीन, काही ठरलं तर खाली लिहीन.

तुझ्या मनात माझी जागा आहे, खोली असो नसो. आशीर्वाद.
तुझी,
रुपीबाई

ता. क. शुक्रवार, ३१ मे. सकाळी साडेसातला जीप आली. खेमसिंगने जीपवाल्याला चहा दिला आणि गाडी रिकामी परत पाठवली. तो एकटाच सोमवारच्या एसटीने येईल. आता माजघरात भिंतीचा फुगलेला गिलावा खरवडतो आहे.