दाराआड बोललेलं

ता. ४ जून

चि. ठकूस आजीचे पोटभर आशीर्वाद.

आधी आली ती उंच चष्मेवाली, मागून धापा टाकत तुझा तो जाडा मित्र. लोकांच्या घरी बसून ते काय करतात, काय बोलतात हे बघायचं, याचं म्हणे तुम्हाला कॉलेजात शिक्षण! अगं, आमची शेजारीण हे फुकटात करते, आणि पहिल्या नंबरात. असो. आपल्याच माणसांची मुलाखत आपण घ्यायची नसते म्हणून तू या दोघांना धाडलंस, बरं केलंस. एकेकाशी वेगळं बोलायचा नियम आहे म्हणाली, म्हणून तुझे आजोबा दार लावून आत आणि मी स्वयंपाकघरात. चहाचं आधण आटून गेलं तरी दार उघडेना! जन्मभर रात्री भट्टीवर पाव भाजले आणि दिवसा झोपले, माझ्याशी बोलणं कधी ‘हं’च्या पुढे गेलं नाही. आणि आत नुसता धबधबा! मध्येच हसले गं, मोठ्याने. मागून विचारलं, काय बोललात एवढं? तर म्हणाले, हं.

कशावर हसले तेवढं त्या पोरांकडून काढून घे. माया आहेच, ती राहू दे.

तुझी आजी

ता. ११ जून

ती. आजीस ठकीचा सा. न. वि. वि.

दोघांनीही तोंडाला कुलूप घातलंय. सांगणाऱ्याच्या परवानगीशिवाय त्याचं बोलणं कुणालाच, घरच्यांनाही, ऐकवायचं नाही, हा आमचा पहिलाच धडा. तो मोडा असं मी कुठल्या तोंडाने सांगू? तू आजोबांनाच गोडीत विचार ना. आणि त्यांना खोकल्याचं औषध वेळेवर दे. ओढ आहे तशीच ठेव.

तुझी ठकी

ता. २ जुलै

चि. ठकूस अनेक आशीर्वाद.

हे गेले, तूही परत कॉलेजला गेलीस, आणि घर खायला उठलं. दुपारी भांडी अजून हळूच ठेवते, झोपमोड होईल म्हणून. उद्या विचारू, खोकला थांबला की विचारू, असं करता करता विचारायचं राहूनच गेलं बघ. आता परवानगी कुठून आणू?

काल ती दोघं भेटायला आली. जाडा नुसता रडत होता, मीच त्याला पाणी दिलं. चष्मेवालीने माझा हात धरून सांगितलं, बोलणं सुरू करण्याआधीच आम्ही त्यांना विचारलं होतं, हे कुणाला ऐकवायचं? तर म्हणाले होते, म्हातारीला ऐकवा, पण माझ्यामागे. समोर लाज वाटेल. मी म्हटलं, लाज कसली मेली, बायको ना मी? आणि मग मला आवरेचना.

यांचं बोलणं भरून घेतलेलं ते यंत्र पोरांच्या पिशवीतच होतं. मीच आज नको म्हटलं. एकदा ऐकलं की त्यांचं मला सांगायचं काही उरणारच नाही गं. तू ये. परवानगी माझ्या एकटीची, तेव्हा तुला दाराबाहेर बसावं लागेल. पण बस.

तुझी आजी

ता. क. शनिवारी येतो म्हणालीत दोघं.