तुर्रानियुसच्या शवपेटीवरचा योना

३ मार्च
कातियाबाईंचं काम मिळालं! नवरा-बायकोसाठी एकच संगमरवरी शवपेटी. मधे शिंपल्यात दोघांचे चेहरे, बाईंच्या बाजूला ख्रिस्ताच्या हाकेसरशी थडग्यातून उठणारा लाजार, नवऱ्याच्या बाजूला माशानं गिळून तिसऱ्या दिवशी जिवंत ओकलेला योना. "मासा असा हवा लियोन, की बघणाऱ्याचे पाय लटपटावेत." बाई, रोममध्ये माझ्यासारखा मासा कोरतो कोण!

९ मार्च
नवरा आला – तुर्रानियुस, गलबतांचा मालक. त्याला ख्रिस्ताचं वावडं. "तिच्या बाजूला तिला हवं ते कोर. पण माशानं ओकलेला माणूस माझ्या उशाशी नको! रानडुकराची शिकार कोर."
बाई गोड हसल्या – "शिकारच आहे हो."
तो वळताच माझ्या कानात – "योनाच कोर. मेल्यावर कोण उठून बघतंय?"
आणि म्हणे लाजार हवा!

१० मार्च
योनाच.

२१ मार्च
तुर्रानियुस चेहऱ्यासाठी बसतो. येताना सुकी अंजिरं आणतो, मलाच भरवतो. "नाक आहे तसं ठेव. या नाकाशी ती जन्मभर भांडलीय, बदललं तर ओळखायची नाही." योनावर मी टाकलेल्या गोणपाटाकडे बोट – "शिकार जमतेय ना?"
"झकास!" म्हणालो. आणि त्याचं नाक कोरत राहिलो.

३० मार्च
मासा झाला. समुद्रराक्षसाला शोभतील असे ताठ कान, वेटोळं शेपूट, जबड्यात कमरेपर्यंत योना. खवल्यांच्या कडा सामत्यानं भोकं पाडत अशा पोखरल्यात की पाणी निथळतंय वाटावं. याहून चांगलं काम माझ्या हातून झालेलं नाही. लाजायचं कशाला?

४ एप्रिल
तुर्रानियुस गेला. जेवता जेवता, घास हातातच.
दुपारी बाई आल्या. गोणपाट स्वतः ओढलं. बघत राहिल्या. मी वाहवा ऐकायला उभा!
"काढून टाक."
"बाई, असा मासा पुन्हा –"
"माहितेय. सुंदर आहे." मग हळूच – "वाटलं होतं, कळलंच तर भांडेन आणि जिंकेन. आता ते भांडतच नाहीत रे."
शिकारीला वेळ नव्हता. पेटी उद्या हवी.

५ एप्रिल
तासला. योनाही, मासाही. नुसत्या लाटा उरल्या.
लाजारचं काय करू, विचारलं.
"तो माझ्या बाजूला आहे, राहू दे. हाक आलीच, तर यांना मी उठवीन."