बोगद्यातले नऊ कोनाडे

२६ सप्टेंबर, मंगळवार. सकाळी ७
आजपासून रोजनिशी. कारण तसंच आहे. आठ तारखेच्या रविवारी आमच्या कन्येच्या नव्या सायकल-रूटची पहिली राइड. शेहेचाळीस किलोमीटर. बत्तीस किलोमीटर द्राक्षमळ्यांमधल्या कच्च्या रस्त्यांनी, उरलेले चौदा बंद पडलेल्या रेल्वेलाइनवरून. रूळ काढून नेले, बारीक खडी अंथरली, की झाला रूट. याला ग्रॅव्हल बायकिंग म्हणतात. मी याच लाइनवर सव्वीस वर्षं रुळांचा इन्स्पेक्टर होतो. खडी मला कोणी शिकवू नये.

वाटेत बोगदा आहे. तीनशे चाळीस मीटर. मध्ये वळण, त्यामुळे या तोंडातून ते तोंड दिसत नाही. कन्येने अकराही रायडर्सना परस्पर सांगून टाकलंय की बोगद्यात बाबा पुढे राहतील, त्यांना तो तळहातासारखा माहीत आहे.

आहेच. ड्रॉइंग तोंडपाठ आहे.

त्याच दिवशी, दुपारी ४
ही वही कोणी वाचणार नाही, म्हणून एक तांत्रिक बाब नोंदवतो. दर मंगळवारी बोगद्याची तपासणी असायची. मुकादम बॅटरी घेऊन आतून जायचा, मी टेकडीवरच्या डाव्या पायवाटेने वरून जायचो. पलीकडच्या तोंडाशी भेट. तो सांगायचा, सगळं ठीक साहेब, कोनाडे नऊ, साफ. गाडी आली तर माणसाला अंग चोरून उभं राहता यावं म्हणून भिंतीत कोनाडे असतात, ते. मी रजिस्टरमध्ये लिहायचो, आत जाऊन पाहिले, ठीक, कोनाडे नऊ. खाली सही. कामाची वाटणी होती ती. दोघांनी एकच बाजू बघून काय उपयोग?

त्यामुळे सव्वीस वर्षांत आत जायचा योग काही आला नाही. भीतीबिती अजिबात नाही.

२८ सप्टेंबर, गुरुवार
निश्चय: राइडच्या आधी बोगदा एकट्याने तीन वेळा पार करणे. पहिली फेरी उद्या.

नवा हेडलाइट आणला. दुकानदाराला विचारलं, मध्येच बंद पडला तर? तो म्हणाला, काका, चार्जिंग दोन तास टिकतं, बोगद्याला दोन मिनिटंही लागणार नाहीत. म्हटलं, पण समजा पडलाच. तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी दोन हेडलाइट घेतले.

२९ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी ११
गेलो होतो. मळ्यांतला रस्ता झकास. चढावर दम लागला नाही, फक्त तीनदा थांबलो. नऊ वाजून दहा मिनिटांनी बोगद्याच्या तोंडाशी पोचलो. आतून गार हवा येत होती, ओल्या दगडाचा वास. कुठेतरी पाणी ठिबकत होतं. एकशे बारा थेंब मोजले. मग लक्षात आलं की हेल्मेटचा पट्टा सैल आहे. सैल पट्ट्याने बोगद्यात शिरणं नियमाला धरून नाही. परत आलो.

शेजारच्या मळ्यात एक बाई वेली तारेला बांधत होत्या. काही हरवलंय का, असं त्यांनी विचारलं. तपासणी चालू आहे, म्हटलं.

१ ऑक्टोबर, रविवार
घरी सराव. जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत दिवा बंद करून, दार लावून बसलो. एकपासून तीनशे चाळीसपर्यंत मोजायचं ठरलं होतं. अठ्ठेचाळीसला आमच्या हिने दार उघडलं, झाडू घेतला आणि दार लावून निघून गेली. माझी एकाग्रता भंग झाली. अठ्ठेचाळीस म्हणजेही सुरुवातीला वाईट नाही.

३ ऑक्टोबर, मंगळवार
आज प्रत्यक्ष आत गेलो. वीस पावलं, सायकल हातात धरून. दोन्ही हेडलाइट चालू. एकविसाव्या पावलाला डोक्यावरून काहीतरी फडफडत गेलं. त्यानंतर मी बाहेर होतो आणि सायकल आत होती. मधलं आठवत नाही.

मळ्यातल्या बाईंना म्हटलं, गुडघा धरलाय, जरा सायकल आणून द्याल का? त्या विळा कमरेला खोचून आत गेल्या, सायकल आणली, वर सांगितलं की कबुतरं आहेत. कबुतरांवर माझा काही आक्षेप नाही. गुडघा मात्र खरंच दुखतो आहे, बहुतेक.

५ ऑक्टोबर, गुरुवार
कन्या जेवायला आली. सोबत रूटचं माहितीपत्रक. त्यात माझ्या जुन्या रजिस्टरच्या पानांचे फोटो. माझ्या सह्या. तिने हिशेब केलाय, तेराशेच्या वर होतात. खाली छापलंय, या बोगद्यातून तेराशे वेळा गेलेला माणूस आपल्याला वाट दाखवेल.

जेवताना ती सहज म्हणाली की कशाची धास्ती वाटली की मी बाबांचा विचार करते. दर मंगळवारी त्या काळोखात शिरणारा माणूस, आणि आपण कशाला घाबरतोय. हिने माझ्याकडे पाहिलं. मी भाताकडे पाहिलं. आत्ताच सांगून टाकावं असं आलं होतं अगदी ओठांवर. पण भरल्या तोंडाने असले विषय काढू नयेत. शनिवारी नक्की सांगणार.

७ ऑक्टोबर, शनिवार. दुपारी १२
ताप आहे. थर्मामीटर नाही म्हणतं, पण ते जुनं झालंय. कन्येला फोन करून आवाज शक्य तितका खोल काढला. मागून ही मोठ्याने म्हणाली की आत्ताच तीन पोळ्या खाल्ल्यात. विषय संपला.

नवी योजना सुचली आहे. पावसाचं पाणी टेकडीवरून बोगद्याच्या छतात मुरतं. कोणीतरी वरून जाऊन चर तपासायला हवेत. ही जबाबदारी अनुभवी माणसाने घ्यावी. बाकीच्यांनी सरळ आतून यावं, आत काही नाही. कबुतरं आहेत.

८ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ६
झोप नाही. तयार आहे.

त्याच दिवशी, दुपारी ३
सविस्तर लिहितो.

बोगद्याशी पोचल्यावर मी योजना जाहीर केली. सगळ्यांना पटली. कन्या म्हणाली की मी सगळ्यांच्या मागून येते, कोणी आत राहायला नको. मी टेकडीवरून पलीकडे गेलो. अकरा जण एकेक करून बाहेर आले, हसत. बारावी कन्या. ती आली नाही.

पाच मिनिटं झाली. आत तोंड करून हाका मारल्या. माझाच आवाज परत आला. दहा मिनिटं झाली. कोणीतरी म्हणालं, फोन लागत नाही. मग माझ्या डोळ्यांसमोर नको नको ते यायला लागलं. पडलेली सायकल, पडलेली कन्या, कोसळलेलं छत. ते छत ठीक आहे असं तेराशे वेळा मी लिहिलंय. ते एकदाही पाहिलेलं नाही.

कोणाला काही न सांगता आत गेलो. चालत. हेडलाइट सायकलला, सायकल बाहेर. हे आत गेल्यावर कळलं. वळणानंतर स्वतःचा हातही दिसेना. दातखीळ बसली होती, हाक फुटत नव्हती. डावा हात भिंतीला लावून चालत राहिलो. कोनाडे डाव्याच भिंतीत. भिंत संपून हात पोकळीत जायचा, तो कोनाडा. प्रत्येक कोनाड्यात वाकून चाचपलं, कन्या पडली असेल म्हणून. इतका मी आयुष्यात कधी भ्यालो नाही. हे लिहून ठेवतो, एकदाच.

कोनाडे मोजत होतो, नववा आला की सुटलो म्हणून. सहावा आला आणि उजेड दिसला.

बाहेर कन्या नव्हती. मळ्यातल्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, ताई मघाशीच वरून गेल्या की, तुमच्या टायरच्या खुणा बघत.

मी टेकडीवरून परत गेलो. पुन्हा आतून जायचा प्रश्नच नव्हता. सगळे डबे उघडून बसले होते. कन्येने विचारलं की बाबा, कुठे गायब झालात. आतून पलीकडे जाऊन आलो, म्हटलं. कोणी मान वर केली नाही. मी आत जाणं ही बातमी नव्हतीच.

मग तिने मला बाजूला नेलं आणि रडायला लागली. म्हणाली, माझं बोगद्यात पाऊल उचललंच नाही. तुम्ही कामासाठी वरून गेलात, मी भीतीने गेले. मी तुमच्यावर गेलेच नाही, बाबा.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

९ ऑक्टोबर, सोमवार. सकाळी १०
मुकादमाला फोन. कोनाडे सहाच आहेत, म्हटलं. तो म्हणाला की साहेब, आता लपवून काय करू, मी आत कधी गेलोच नाही, फार भ्या वाटायचं. तुम्ही डाव्या पायवाटेनं वर गेलात की मी उजवीकडनं पळत पलीकडे यायचो. आणि नऊ? तर म्हणाला, रजिस्टरात आधीपासून नऊच लिहिलेले होते.

फोन ठेवून बसून राहिलो. सव्वीस वर्षांत त्या छताखालून किती गाड्या गेल्या, त्यांत किती माणसं, हा हिशेब डोक्यातून जात नाही. त्यांत दर उन्हाळ्यात ही आणि कन्याही असायच्या, आजोळी जाताना.

निश्चय: कन्येला उद्या सगळं सांगणार. ताप असला तरी.

१० ऑक्टोबर, मंगळवार. संध्याकाळी ६
सांगितलं. सगळं. डावी पायवाट, सह्या, अडगळीची खोली, बाईंनी आणलेली सायकल. मी आयुष्यात एकदाच आरपार गेलो, परवा, आणि तेही तू सापडत नव्हतीस म्हणून, हेही सांगितलं. पुरावा म्हणून सहा कोनाडे सांगितले.

तिने शांतपणे ऐकलं. मग डोळे पुसले आणि म्हणाली, बाबा, मला बरं वाटावं म्हणून किती खोटं बोलाल? सहा कसे असतील, रेकॉर्डला सव्वीस वर्षं नऊ आहेत, तुमच्याच सहीचे. गडबडीत मोजायचे राहिले असतील. म्हटलं, मुकादमाला विचार. तिने तिथल्या तिथे फोन लावला. मुकादम छातीठोकपणे म्हणाला की अहो ताई, साहेब स्वतः आत जाऊन आल्याशिवाय सही करायचे नाहीत, मी होतो ना सोबत.

कन्येने मला मिठी मारली. म्हणाली की तुमच्याएवढं धाडस मला कधी येणार नाही. पण रविवारी दुसरी बॅच आहे, प्रयत्न करून बघते. तुमचा हात धरून, सगळ्यांच्या पुढे.

मी हो म्हटलं. ही आतून थर्मामीटर घेऊन आली आणि न विचारता माझ्या हातात दिलं.