पिंडाला घाईत शिवलेला कावळा

मु. पो. वरसे, ता. रोहा

मेहेरबान नझीरभाई, मुक्काम पेण, यांस वरसे गावाहून गुणाजीचा सलाम, नमस्कार आणि थोडासा राग.

तब्येत कशी आहे? बिल्किसभाभींचा गुडघा काय म्हणतो? (जिना चढण्यापेक्षा उतरताना गुडघा जास्त बोंबलतो, हा माझाच शोध. मंडळात कोणी दाद दिली नाही.) आमच्याकडे सगळं ठीक आहे, फक्त खांब गावच्या आमच्या सगुणाकाकीचं राहतं घर हातचं जायची वेळ आली आहे आणि त्याला कारण तुम्ही आहात. हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही मध्येच ‘अच्छा अच्छा’ करत दुसऱ्या गिऱ्हाइकाला बोंबील तोलता, म्हणून पत्र.

आपलं ‘बारीकसारीक मंडळ’ मोबाईलवर सुरू झालं तेव्हा नियम तुम्हीच घातलात, की आलेलं पुढे ढकलायचं नाही, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलंच टाकायचं. तेव्हापासून लोकांनी काय काय पाहिलं! पोह्याचा पापड भाजताना कुठल्या बाजूला वळतो यावर आपण अख्खा श्रावण भांडलो. पेणच्या गणपतींचे उंदीर रंगवणारा माणूस स्वतःच्या घरी उंदराला पिंजरा लावतो, हेही कोणीतरी शोधून आणलं. इथवर कोणाचं वाकडं झालं नव्हतं. मग तुम्ही लिहिलंत की तुमच्या दुकानाच्या पत्र्यावर कावळ्यापुढे चपाती, फरसाण आणि सुका जवळा ठेवला, तर कावळा बाकी सगळं सोडून आधी जवळ्यावर झडप घालतो. मंडळाचा दुसरा नियम असा, की एकाच्या शोधाची दुसऱ्याने खातरजमा करायची. म्हणजे मी जे केलं ते नियमाला धरून केलं, हे आधी लक्षात घ्या.

त्याच सुमारास आमचे खांबचे काका वारले. दहाव्याला सगळे नदीवर जमलो. आमच्यातली रीत तुम्ही जाणताच. पिंड मांडायचा आणि कावळा शिवायची वाट बघायची. नाही शिवला तर मेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली असं समजून नातेवाइकांनी एकेक कबूल करत जायचं. ‘तुमची म्हैस सांभाळतो’ म्हणून बघायचं, ‘धाकटीचं लग्न लावतो’ म्हणून बघायचं, आणि ज्या वाक्याला कावळा उतरेल ते वाक्य आयुष्यभर पाळायचं. चार माणसांसमोर कावळ्याला दिलेला शब्द मोडायची आमच्याकडे कोणाची छाती नाही. कोर्टाचा हुकूम मोडतील, पण हा नाही.

आता काकांची इच्छा सगळ्या गावाला माहीत होती. काकी जिवंत आहे तोवर घर विकायचं नाही, असं त्यांनी अंथरुणावरून सांगितलेलं, फक्त पोपट आणि जगन या त्यांच्या दोन मुलांना ते ऐकू आलं नव्हतं. घर हायवेच्या अंगाला, भाव चांगला, काकीला वरशात एका फ्लॅटमध्ये टाकायचं ठरलेलं.  काकी नदीवर पदर सावरून निवांत बसली होती. तिची सगळी मदार कावळ्यावर होती. नवरा जन्मभर हट्टी, तेव्हा कावळाही पोरांकडून कबूल करून घेतल्याशिवाय येणार नाही, हा तिचा हिशेब.

आणि माझ्या खिशात तुमच्याच दुकानचा जवळा होता. (भूकही लागली होती. भटजींना पुढे आणखी एक दहावं होतं, त्यांचा जीव घड्याळात.) कोणी बघत नाही असं पाहून मी चिमूटभर जवळा पिंडामागे सोडला. तेवढ्यात पोपट, लोकांच्या नजरा टोचायला लागल्या म्हणून, हात जोडून उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, तुमचं घर..." नझीरभाई, ‘घर’ शब्द तोंडातून सुटतो न सुटतो तोच कावळा आला! तुमचा शोध शंभर टक्के खरा आहे, अभिनंदन. पोपटाने तोंड मिटलं ते मिटलंच. जगन लगेच म्हणाला, "बघा, आबांची कसलीच इच्छा नव्हती." जमलेले लोक ‘काय पुण्यवान माणूस’ करत पंगतीला पळाले.

काकी तेवढी उठली नाही. तिने पिंडाजवळ वाकून बघितलं आणि मला बाजूला घेतलं. "गुनाजी, तुझ्या काकांनी जल्मात जवला खाल्ला नाय. अंगावर गांदी उठायच्या. मंग हितं जवला कुनी घातला?" मी ओहोटीवर काहीतरी ढकलून बघितलं, पण नदीचा आणि जवळ्याचा संबंध तिला पटेना. "तूच बोलावलास ना कावला? आता म्हैन्याच्या श्राद्धाला तूच थोपवून धर. माजं घर गेलं तर मी तुज्या दारात येऊन बसन." ती येईल हो. आणि खरं सांगू, तिला फ्लॅटच्या गॅलरीत बसलेली डोळ्यांसमोर आणली की मला जेवण जात नाही.

असो. भाभींना सलाम सांगावा. मंडळात यातलं काही टाकू नये.

आपला (अजून तरी),
गुणाजी

ता. क. मुख्य काम राहिलंच. श्राद्धाच्या दिवशी तुम्ही गोणीभर जवळा घेऊन खांबला या आणि गावाच्या पलीकडच्या टोकाला बसा. गावातले यच्चयावत कावळे तुमच्याकडे गुंतले पाहिजेत. पोपटाचं वाक्य पूर्ण झालं की मी फोन करीन, मग गोणी बांधा.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करणार तोच खांबहून बोलावणं आलं, म्हणून जाऊन आलो. गोणी आणू नका. एजंट पनवेलचं गिऱ्हाईक घेऊन घर बघायला आला होता. काकीने पाणी दिलं आणि म्हणाली, "बसा, पन झोपाल्यावर नको. तिथं आमचं हे बसलंत." गिऱ्हाईक म्हणालं, कोण हे? "माजा घरवाला. कावला घाईत शिवला ना, त्यांचं जानं रायलं." गिऱ्हाईक चहा न घेता एजंटाच्या आधी गाडीत जाऊन बसलं. घर बघायला आलेला माणूस कावळ्यापेक्षा लवकर उडतो, हे मी स्वतः पाहिलं. आता ही गोष्ट कोलाडपर्यंत पोचली आहे, आणि कावळा नीट शिवल्याशिवाय ते घर फुकटसुद्धा कोणी घेणार नाही. पोरं चार माणसांसमोर शब्द द्यायला तयार झाली आहेत. पण जाताना पोपटाने मला हळूच विचारलं, "दादा, तो जवला पेनला कुठल्या दुकानात भेटतो?" तेव्हा एवढीच विनंती. तो आला तर त्याला सोडे द्या, बोंबील द्या, हवं तर जेवायला ठेवून घ्या, पण त्याचं वाक्य पूर्ण होईपर्यंत जवळ्याचा कणही त्याच्या हाती लागू देऊ नका.