परीक्षेनंतर सांगू

लोंगशी, १२ जून १९९९

प्रिय चांगगेंग,

ताईचा आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं, मनुकेही पोचले. बोगद्यात काम करतोस, तर नाकातोंडाला फडकं बांधत जा, आळस करू नकोस. इकडे ऊन मी म्हणतंय, बटाट्याला पाणी नाही. बाकी ठीक.

लेकीच्या इंग्रजीचं विचारलंस. गाळलेल्या जागा भरायला दे, युएलान एक काळ चुकवायची नाही. तोंडी बोलायला लाव, की सगळी क्रियापदं वर्तमानकाळातच ठप्प! माझ्या अख्ख्या वर्गाची हीच रड आहे. आपण चिनी माणसं 'काल' म्हणतो आणि मोकळे होतो. "बाई, काल म्हटलं ना एकदा, मग क्रियापदानं परत कशाला सांगायचं?" असं पोरं मलाच विचारतात. नियम पाठ होतो, पण जिभेवर यायला वर्षं जातात. असो, जुलैच्या विद्यापीठ प्रवेश परीक्षेत पेपर लेखी असतो, तेव्हा तिची काळजी करू नकोस.

आईचं तू बजावलंस तसंच चाललंय. वसंतात तिला माती दिली तेव्हा तू म्हणालास, पोरीला आत्ता कळता कामा नये, परीक्षेनंतर सांगू. ज्या घरात पोर परीक्षेला बसतं, तिथे सगळेच असं करतात, म्हणून मीही मान हलवली. आजी तिच्या बहिणीकडे औषधपाण्याला गेलीय, असं सांगितलं. आईविना पोर, आजीनेच वाढवलेली. दर रविवारी वसतिगृहातून यायची ती आजीसाठी केक घेऊन. "आत्या, दात नाहीत तिला, पाण्यात बुडवून द्या म्हणावं." मी हो म्हणायचे. चांगगेंग, ते केक माझ्या घशाखाली उतरायचे नाहीत रे. गेल्या महिन्यापासून तिने केक आणणं बंद केलं. मला वाटलं, अभ्यासाच्या गडबडीत राहिलं असेल.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते.

मंगळवारी वर्गाची भट्टी झाली होती. सगळी पोरं नुसत्या सदऱ्यावर, आणि तुझी लेक शाळेचं जाकीट घालून घामाने निथळत बसलेली.

"काढ ते," मी म्हटलं.

"थंडी वाजते, बाई."

"थंडी? डोकं फिरलंय का तुझं?"

ताप असेल म्हणून तिला माझ्या खोलीवर नेलं आणि ओरडून जाकीट काढायला लावलं. सदऱ्याच्या बाहीला सुतकाची काळी पट्टी टाचलेली होती.

"कुणी सांगितलं?" मी विचारलं. आपल्या गावची टोफूवाली तिला बाजारात भेटली होती. "आजीचं वाईट झालं गं पोरी," म्हणाली, झालं.

"मग बोलली का नाहीस, बये?"

"तुम्ही सगळे किती जपून खोटं बोलत होता, आत्या. आणि बाबांना कळवू नका हं. ते तिथे एकटे, डोंगराच्या पोटात. मला कळलंय हे समजलं तर त्यांचं कामातलं लक्ष उडेल. परीक्षेनंतर सांगू त्यांना."

बाप तशी लेक! कपाळावर हात मारून घेतला मी.

मग ती आजीबद्दल बोलायला लागली, पण आपल्या भाषेत तोंड उघडलं की हुंदकाच फुटायचा. म्हणून इंग्रजीत बोलली. आजी चुलीपुढे बसते. आजी माझी वेणी घालते. आजी मरते, मी तिथे नसते. एकही क्रियापद धड नव्हतं. इतकी वर्षं शिकवतेय मी, पण तिला मध्ये थांबवलं नाही. आम्ही दोघी पोटभर रडलो.

तुला कळवणार नाही, असं तिला वचन दिलं होतं. ते आज मोडते आहे. एकमेकांना जपता जपता तुम्ही बापलेक दोन टोकांना एकेकटे रडताय, ते मला बघवत नाही.

जूनच्या शेवटच्या रविवारी मी तिला आईच्या थडग्यावर नेणार आहे, आईच्या परलोकातल्या खर्चाला कागदाच्या नोटा जाळायला. परीक्षेचं काय व्हायचं ते होवो. रागवायचं तर खुशाल रागव.

पण ये. तिला कसं सांगायचं, याची जुळवाजुळव करत बसू नकोस, सांगायचं काही उरलेलं नाही. नुसतं जवळ घे तिला. तुझ्या वाटणीचे कागद मी बाजूला ठेवणार आहे. ते तुझ्याखेरीज कोणी जाळायचे नाहीत.

आता या घरात तुझ्याहून मोठी उरलेली एकटी,
तुझी ताई
सुझेन